बोनेट स्कूप लावला, पिकअप अजून शोधतोय

आधीच सांगतो, मी गाड्यांमधला एक्स्पर्ट वगैरे नाही. ऐरोलीला आयटीत नोकरी, राहायला घोडबंदरला, आणि गाडी २०१९ ची स्विफ्ट पेट्रोल, सिल्व्हर. गाडीचे लाड मी जरा जास्तच करतो असं बायकोचं म्हणणं आहे आणि ते खरं आहे. तर मे महिन्यात मी तिच्या बोनेटवर स्कूप, म्हणजे हवा आत घ्यायला पुढे तोंड असलेला तो उंचवटा, बसवून घेतला आणि आता सप्टेंबरात तो काढून ठेवलाय, मधल्या चार महिन्यांत काय काय झालं ते लिहितोय, कारण लावल्यावर मी बरंच शोधलं आणि मराठीत कोणीच धड काही लिहिलेलं दिसलं नाही, सगळीकडे नुसते 'लुक एकदम किलर भावा' एवढेच फोटो.

खरं तर दुकानात गेलो होतो फ्लोअर मॅट घ्यायला. दुकानाचं नाव नाही घेत, घोडबंदर रोडवरच आहे आणि माणसं तशी चांगली आहेत. मॅट बसवेपर्यंत दुकानदार गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि बोलला, "दादा, गाडी फार शांत दिसते हो, हिला काहीतरी करा की." मग आतून तो काळा ग्लॉसी स्कूप आणला. प्लॅस्टिकचा, पुढे जाळी, साधारण वीतभर रुंद, खाली चारी बाजूंनी डबल साइड टेप. मी विचारलं याने होतं काय. "हवा डायरेक्ट इंजिनला जाते ना दादा, इंजिन थंड राहतं, पिकअप बघा कसा येतो, मायलेजला पण फरक पडतो." अडीच हजार सांगितले, घासाघीस करून अठराशेला दिला, फिटिंग फ्री. वीस मिनिटांत बसवला. पुसून, टेप दाबून, काम एकदम सफाईदार, बोनेटच्या बरोब्बर मधोमध, एक दोरा इकडे की तिकडे नाही. फिटिंगला पैकीच्या पैकी.

घरी आल्यावर आई खाली भाजी घ्यायला आली होती, तिने गाडी बघितली आणि विचारलं, "हे काय, गाडीला नाक लावलंस होय?" मी बोललो आई हे स्कूप आहे, यातून इंजिनला हवा जाते. तिने वाकून जाळीतून आत बघितलं आणि बोलली, "कुठून जाते? पुढे तर पत्राच आहे."

झालं. चार महिन्यांचा रिव्ह्यू तिथेच दोन वाक्यांत संपला होता खरं तर.

कारण स्कूप पत्र्यावर नुसता चिकटवलेला आहे, खाली भोक नाही. हवा जाळीतून आत शिरते, पत्र्याला आपटते आणि आली तशी बाहेर जाते. म्हणजे दाराला बेल लावलीय पण वायर कुठेच गेलेली नाही असा प्रकार. हे मला दुकानात कळायला हवं होतं ना, डोळ्यासमोर चिकटवत होते, पण त्या वेळी डोक्यात नुसता पिकअप घुमत होता.

तरी म्हटलं मोजून तरी बघू. माझ्याकडे ओबीडीचं ब्लूटूथवालं छोटं डबडं आहे, मागे एकदा चेक इंजिनचा दिवा लागला होता तेव्हा घेतलेलं, ते स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावलं की इंजिन आत घेत असलेल्या हवेचं तापमान, इनटेकमधलं प्रेशर वगैरे मोबाइलवर दिसतं. रोजचा रस्ता म्हणजे माजिवडा, कळवा, विटावा आणि मग ठाणे-बेलापूर रोडने ऐरोली. आधीचे आकडे पाहून माहीत होते. बाहेर ३४ डिग्री असेल तर गाडी पळत असताना इनटेकची हवा ४० च्या आसपास, आणि कळव्याच्या पुलाआधी अडकलो की चढत चढत ५५ ला. स्कूप लावल्यावर? पळताना ४० च्या आसपास, अडकलो की ५५. सेम टू सेम.

इथे एक गोष्ट मला पहिल्यांदाच नीट कळली. कंपनीच्या एअर फिल्टरला हवा बोनेटखालच्या गरम कोंडीतून जातच नाही, फिल्टरच्या डब्याला एक पाइप असतो आणि माझ्या गाडीत त्याचं तोंड पुढे ग्रिलच्या मागेच आहे, म्हणजे बाहेरची थंड हवा कंपनीने आधीच देऊन ठेवलीय, फुकटात, भोक न पाडता. अडकल्यावर तापमान चढतं ते गाडी उभी असते, रेडिएटरची उष्णता आजूबाजूला साचते आणि पुढच्या रिक्षाचा धूर असतो म्हणून. त्यावर स्कूप काय करणार, तो पण गाडीबरोबर उभाच आहे.

आता कोणी म्हणेल तुझा खोटा होता, खरा भोकवाला लावला असता तर फरक पडला असता. हे मलाही वाटलं. म्हणून एका शनिवारी रबाळ्याला आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो, काकाच म्हणतो मी त्यांना, बाबांच्या मारुती ८०० पासून तेच बघतात. नशीब असं की त्याच दिवशी त्यांच्याकडे एक जुनी फॉर्च्युनर आली होती, पहिल्या पिढीतली, ३.० लिटर डिझेल. तिच्या बोनेटवर कंपनीचाच स्कूप असतो. काकांनी बोनेट उचललं आणि बोलले, "बघ, हा खरा."

खाली स्कूपला भोक होतं, भोकाभोवती जाड फोमची कडा, आणि बोनेट खाली टाकलं की ती कडा बरोब्बर इंजिनच्या डोक्यावर आडव्या बसवलेल्या इंटरकूलरवर दाबून बसते. म्हणजे स्कूपची हवा इंजिनच्या पोटात जातच नाही! ती जाते इंटरकूलरच्या पात्यांमधून, वरून खाली. टर्बोने हवा दाबली की ती तापते, चांगली शंभरच्या वर जाऊ शकते, ती गार करून इंजिनला द्यायची असते, त्या गार करणाऱ्या रेडिएटरवजा डब्याला वारा घालायचं काम स्कूपचं. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्सवर जो प्रसिद्ध स्कूप आहे, ज्याचे फोटो बघून निम्मी पोरं हे असले स्कूप चिकटवतात, तोही याच कामाचा. माझ्या स्विफ्टला टर्बो नाही, इंटरकूलर नाही. "तू वारा घालणार कोणाला?" काका बोलले.

आणि गंमत म्हणजे २०१६ ला नवीन फॉर्च्युनर आली तिच्या बोनेटवर स्कूपच नाही, तरी २.८ लिटरचं छोटं इंजिन तेव्हा १७७ पीएस (म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) द्यायचं, जुन्या स्कूपवाल्या ३.० चे १७१ होते. काका म्हणतात वर आडवा टाकलेल्या इंटरकूलरची अडचण अशी की तो इंजिनच्या डोक्यावरच बसलाय, गाडी उभी राहिली की खालून शेकतो, आणि स्कूपला वारा तर गाडी पळाल्यावरच मिळणार. आपल्या ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये तर कल्याणच झालं.

बरं, इंजिनलाच थेट हवा देणारे स्कूप पण असतात, नाही असं नाही. अमेरिकेतल्या जुन्या मोठ्या गाड्या, साठ-सत्तरच्या दशकातल्या, त्यांच्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनच्या अगदी टाळूवर कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, बसायचा, एअर फिल्टर त्याच्यावर, आणि ते सगळं तापलेल्या बोनेटखाली. तिथे वरून भोक पाडून थंड हवा देणं हा साधा सरळ उपाय होता आणि त्याचा फायदा व्हायचा, कारण बोनेटखालची ६० डिग्रीची हवा सोडून बाहेरची ३५ ची घेतली तर तेवढ्याच जागेत साधारण ८ टक्के जास्त हवा मावते. हे गणित खरं आहे. पण ते ज्याची गाडी गरम हवा पीत होती त्याच्यासाठी. माझी आधीच ग्रिलमागून पीत होती.

मग राहिला दुसरा मुद्दा, तो म्हणजे वेगामुळे हवा आत 'कोंबली' जाते तो. हे दुकानदारापासून यूट्यूबपर्यंत सगळेच सांगतात. याचा फॉर्म्युला बारावीच्या फिजिक्सचाच आहे, हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन, मी बसून काढला. ताशी १०० ला, स्कूप शंभर टक्के परफेक्ट आहे असं धरून, जादाचा दाब येतो साधारण ४६० पास्कल. हवेचा नेहमीचा दाब १,०१,३२५ पास्कल. म्हणजे अर्धा टक्का पण नाही. माझं इंजिन ८३ पीएसचं, त्याचा अर्धा टक्का काढा, अर्धा घोडा पण भरत नाही, नुसतं शेपूट. ६० ला उतरलात तर १७० पास्कल. आणि घोडबंदरला संध्याकाळी ज्या १५ च्या स्पीडने आपण सरकतो तिथे १०. दहा पास्कल म्हणजे किती, तर स्ट्रॉमधलं पाणी एक मिलीमीटर वर चढेल एवढं. वीतभर स्ट्रॉने नारळपाणी ओढताना तुम्ही तोंडाने दोन हजार पास्कलच्या आसपास जोर लावता, म्हणजे अटल सेतूवर शंभरने जाणाऱ्या स्कूपच्या चौपट. टर्बो जे करतो ते शंभरच्या स्पीडच्या स्कूपच्या साधारण दोनशेपट असतं म्हणून त्याला टर्बो म्हणतात.

अजून एक तुलना मला लोणावळ्याला जाताना सुचली. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाबच ठाण्यापेक्षा सुमारे ७ टक्के कमी. म्हणजे घाट चढून गेलो की माझ्या टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद साधारण तेवढीच घटते, स्कूप १०० च्या स्पीडला जे देईल म्हणतात त्याच्या पंधरापट. आणि ते सुद्धा आपल्याला फारसं जाणवत नाही, आपण म्हणतो चढ आहे, गाडी भरलेली आहे, एक गिअर खाली टाकतो आणि पुढे जातो. जे पंधरापट गेलेलं कळत नाही ते एकपट आलेलं कळणार कसं?

अटल सेतूवर पण नेली गाडी मुद्दाम, टोल भरून, बायकोला सांगितलं उरणला मासे आणायला जाऊ. २१.८ किलोमीटरचा सरळ रस्ता, लिमिट १००, टेस्टला याच्यापेक्षा बरी जागा मिळणार नाही. मोबाइल बायकोच्या हातात, ती आकडे वाचणार. १०० ला स्थिर ठेवली तर इनटेकमधलं प्रेशर ५५-६० किलोपास्कल, बाहेर १०० असताना. मी म्हटलं अरे हे इतकं कमी का, मग लक्षात आलं की पेट्रोल इंजिनात आपण ॲक्सिलरेटर अर्धवटच दाबलेला असतो, म्हणजे थ्रॉटलची झडप अर्धवट बंद, म्हणजे इंजिन स्वतःच हवा अडवून बसलंय! दारात आपणच हात आडवा लावून उभे आहोत आणि गल्लीत गर्दी कशी वाढवता येईल याचा विचार करतोय. स्कूपमधून चार रेणू जास्त आले तरी आपला पाय केसभर उचलला जाणार, बाकी काही नाही. फायदा झालाच तर फुल थ्रॉटलला, आणि फुल थ्रॉटल मी वर्षातून किती वेळा देतो, दोन, तेही ओव्हरटेक करताना घाबरून. वर ओबीडीवर ते प्रेशर पूर्ण एक-एक किलोपास्कलच्या पायरीनेच दिसतं, स्कूपचा जास्तीत जास्त फायदा त्या एका पायरीच्या निम्म्याहून कमी, म्हणजे खरा भोकवाला असता तरी माझ्या स्क्रीनवर आकडा हलला नसता. मासे चांगले मिळाले पण, बोंबील ताजे होते.

जागेचं पण एक आहे. बोनेटच्या मधोमध स्कूप दिसायला छान, हवेसाठी तशी जागा नाही. पत्र्याला चिकटून वाहणारी हवा संथ असते, त्यामुळे बुटका स्कूप संथ हवाच पितो. रेसच्या गाड्यांवर स्कूप उंच का असतात, तर त्या संथ थरातून तोंड वर काढायला. दाब जास्त असतो तो मागे, पुढच्या काचेच्या पायथ्याशी, जिथे हवा काचेला अडते. आपल्या सगळ्या गाड्यांच्या एसीला बाहेरची हवा तिथूनच येते, वायपरखाली जाळी असते बघा. १९७० च्या शेव्हर्ले शेव्हेल एसएसला तर स्कूपचं तोंडच उलटं होतं, काचेकडे, तिथली हवा ओढायला. हे वाचल्यावर मला हसू आलं, म्हणजे माझा स्कूप उलटा चिकटवला असता तर निदान विषय तरी बरोबर झाला असता.

दुकानदाराला मी जूनमध्ये फोन केला होता, राग नव्हता, सहज, की भाऊ खाली तर पत्रा आहे. तो बोलला, "दादा दीड हजार अजून द्या, कटर मारून भोक करून देतो." तेवढं मात्र करू नका कोणी. एक तर बोनेटच्या पत्र्याखाली मजबुतीच्या पट्ट्या असतात, टक्कर झाली तर बोनेट ठरलेल्या जागी दुमडावं असं ते बनवलेलं असतं, त्यात कटर घालायचा म्हणजे ते सगळं गेलं. कापलेल्या कडेला आपल्या खाडीच्या हवेत गंज किती दिवसांत धरेल ते सांगायला नको. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेरचे बदल चालत नाहीत, क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले कपाळाला आठ्या घालणार ते वेगळंच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाऊस. आकाशाकडे तोंड करून भोक पाडायचं आणि जुलैत ठाण्यात गाडी चालवायची? फॉर्च्युनरला चालतं कारण इंटरकूलर भिजला तर काही बिघडत नाही, पण तुम्ही ते भोक एअर फिल्टरला जोडलंत आणि पाणी सिलिंडरपर्यंत गेलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन उघडावं लागतं. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं तेव्हा आधीच रामनाम घेत गाडी काढतो आपण, त्यात वरून अजून एक नळ कशाला.

माझ्या चिकटवलेल्या स्कूपचं पावसाने वेगळंच केलं. मेच्या उन्हात बोनेट एवढं तापायचं की टेप आतून मऊ पडली असावी, मग जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसात डावा पुढचा कोपरा सुटला. सत्तरच्या वर गेलं की फडफड-फडफड आवाज. मला आधी वाटलं बेअरिंग गेलं. कोपरा दाबून बसवला, परत सुटला. स्कूपच्या आत पाणी, माती, एकदा गुलमोहराच्या पाकळ्या आणि एकदा चक्क मुंग्या. मग भीती वाटायला लागली की हायवेला उडून मागच्या बाइकवाल्याच्या तोंडावर गेला तर काय, आणि त्या विचाराने काढूनच टाकला. काढताना बायकोचा हेअर ड्रायर आणि मांजाच्या दोऱ्याने टेप हळूहळू कापत गेलो, अर्धा तास लागला. थिनर लावू नका, पेंट जातो. गोंदाचा चट्टा राहिलाच, तो काकांच्या ओळखीच्या पेंटरने पॉलिश करून काढला, सहाशे रुपये. म्हणजे एकूण चोवीसशे.

लुकबद्दल खोटं नाही बोलणार, पहिला महिना मजा आली. सोसायटीतली पोरं विचारायची काका टर्बो टाकला का, मला काका म्हणायची ते सोडून बाकी बरं वाटायचं. सिग्नलला एक बाइकवाला अंगठा दाखवून गेला होता. बायकोची उंची कमी, तिला मात्र तो समोर खुपायचा, पार्किंगमध्ये पुढचा अंदाज येत नाही म्हणायची. ज्याला निव्वळ दिसण्यासाठी हवाय आणि टेप चांगल्या प्रतीची मागून घ्यायची तयारी आहे त्याने घ्यावा, ऑनलाइन याच्या निम्म्या किमतीला मिळतो हे मला नंतर कळलं. दिसण्याला पाचातले साडेतीन, टेपला एक, पिकअपला शून्य, आणि शून्य हा आकडा मी मोजून देतोय. मायलेज होतं तेवढंच आहे. गाडीला खरंच काही करायचं असेल तर त्याच पैशात एअर फिल्टर बदला, टायरमधली हवा बघा, माझ्या टायरमध्ये चार पीएसआय कमी निघाली होती आणि ती भरल्यावर मात्र गाडी हलकी वाटली, देवाशपथ.

दुकानदाराला वाईट म्हणणार नाही, मॅट एकदम मस्त बसल्यात, अजून हललेल्या नाहीत. परवा टायरच्या व्हॉल्व्हची टोपणं घ्यायला परत गेलो तर त्याने बोनेटकडे बघितलं आणि विचारलं, "दादा, काढला का? नवीन आलाय, कार्बन फिनिशमध्ये." जुना माळ्यावर कपड्यांच्या बॅगेशेजारी पडलाय, घोडबंदरला कोणाला हवा असेल तर फुकट घेऊन जा, टेप तेवढी स्वतःची आणा.